आखाड्याची माती, शाळेचे मैदान
श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, अमरावती : एक वाटचाल

आमच्या शाळेतले पी.टी.चे सर लेझीम शिकवताना सहसा शिट्टी वाजवत नसत. पहिल्या रांगेतल्या पोराच्या हातातली लेझीम ते स्वतःच्या हातात घेत, लाकडी दांडा छातीसमोर आडवा धरत आणि लोखंडी साखळीतल्या चकत्या एकदाच, एका सुरात वाजवत. मग हुकूम सुरू होत : चार आवाज, एक जगह, पवित्रा, दो रुख, आगे फलांग. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली आमची शाळा. दोनशे पोरांच्या हातांत मिळून चाळीस लेझिमा. तरीही सर एकालाही नुसते बसू देत नसत. ज्याला लेझीम नाही त्याने रिकाम्या हातांनी पावले टाकायची. हे सगळे कुठे शिकलात, असे एकदा विचारल्यावर सर म्हणाले, "अमरावतीला. हनुमान आखाड्यात."

मंडळाचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते असे, पाचशे किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावरून. स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास लिहायला बसताना मला मंडळाच्या इमारती किंवा ढाली-चषक आधी आठवले नाहीत, आठवले ते आमचे सर. शंभरी ओलांडलेल्या या संस्थेने पैलवान घडवले, खेळाडू घडवले, हे खरेच. पण तिचे खरे पीक म्हणजे शिकवणारी माणसे, असे मला मनापासून वाटते. गल्लीतला खेळ आणि तालमीतली विद्या यांना धडे पाडून, क्रम लावून, कुठल्याही खेड्यातल्या मुलाला शिकवता येतील असे रूप देणे हे काम मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या केले.

१९१४ ते १९२० : बीज

मंडळाची स्थापना १९१४ सालची. अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी अमरावतीत आखाडा सुरू केला. तेव्हाची अमरावती म्हणजे कापसाची मोठी बाजारपेठ आणि वऱ्हाडच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेले. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन याच गावात, सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे टिळकांचे निकटचे सहकारी इथलेच. टिळक मंडालेहून सुटून आले ते १९१४ च्या जूनमध्ये. त्या वर्षाची गावातली हवा काय असेल याची कल्पना यावरून करता येते.

तरुणांनी शरीर कमवावे हा विचार तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात घोळत होता. आखाडे तर गावोगावी होते. पेठेपेठेची तालीम असे, तिचा वस्ताद असे, आणि वस्तादाची विद्या बहुधा त्याच्या चार-दोन पट्टशिष्यांपाशीच राहत असे. वैद्य बंधूंचे वेगळेपण पुढे संस्थेच्या नावातच उतरले आहे. तालीम किंवा व्यायामशाळा एवढ्यावर न थांबता त्यांनी ‘प्रसारक’ मंडळ म्हटले. विद्या जवळ ठेवायची नाही, ती पसरवायची. माझ्या मते मंडळाचा पुढचा सगळा इतिहास या एका शब्दाचा विस्तार आहे.

आरंभीची साधने साधी : तांबड्या मातीचा हौदा, दंड-बैठका, जोर, मुद्गल, लाठी आणि मल्लखांब. मल्लखांबाचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात सापडतो. मध्यंतरी मागे पडलेल्या या विद्येला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभे केले. कुस्तीगिराला पकडीचा आणि चपळाईचा सराव व्हावा म्हणून रोवलेला हा खांब पुढे स्वतंत्र विद्याच होऊन बसला, आणि ती विद्या लहान वयातच अंगी मुरते. त्यामुळे मंडळात पहिल्यापासून मोठ्या पैलवानांच्या बरोबरीने दहा-बारा वर्षांची पोरे असत. पुढे देशोदेशी गाजलेल्या मंडळाच्या प्रात्यक्षिकांचे मूळ या पोरांत आहे.

१९२० ते १९३० : उन्हाळी वर्ग

या दशकात मंडळाचे पाऊल अमरावतीच्या परकोटाबाहेर पडले. उन्हाळ्याच्या सुट्टीत शारीरिक शिक्षणाचे वर्ग भरू लागले. प्रांतोप्रांतीचे तरुण यायचे, शिकायचे आणि आपापल्या गावी जाऊन शिकवायचे. वऱ्हाडातला उन्हाळा ज्याने सोसला आहे त्यालाच मे महिन्यात अमरावतीत व्यायाम शिकणे म्हणजे काय ते कळेल. पहाटे अंधारात सुरुवात, ऊन चढायच्या आत मैदान मोकळे, आणि पुन्हा सूर्य कलल्यावर दुसरी पाळी.

खेडचे शिवराम हरी राजगुरू याच काळात या आखाड्यात शिकायला आले होते. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह ते फाशी गेले तेव्हा त्यांचे वय अवघे २२ होते. मंडळाच्या मातीत घाम गाळलेल्या या विद्यार्थ्याचे स्मरण केल्याशिवाय मंडळाचा कोणताही इतिहास पुढे सरकू नये.

याच सुमारास देशी खेळांना नियम मिळत होते. हुतूतूचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेव्हा तो तीन-चार तऱ्हांनी खेळत. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी जिवंत होई, ‘गामिनी’त बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही, ‘अमर’मध्ये बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, नुसता गुण मोजला जाई. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला की पहिला अर्धा तास कोणत्या तऱ्हेने खेळायचे यातच जात असणार! १९२१ साली साताऱ्यात संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून नियमांचा आराखडा झाला, १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवल्या. पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोच्या नियमांचे काम त्याआधीच हाती घेतले होते. मद्रासला १९२० साली हॅरी क्रो बक यांनी वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले, पण तिथला भर पाश्चात्त्य पद्धतीवर होता. अमरावतीने देशी विद्येलाच अभ्यासक्रमाचा पाया केले. बडोद्याला राजरत्न माणिकरावांची जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा आणि द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडी व्यायाम ज्ञानकोश, आणि अमरावतीला हनुमान आखाडा, अशी ही एकाच कुळातली घराणी.

१९३० ते १९४० : बर्लिन

मंडळाच्या इतिहासातले सोन्याचे पान म्हणजे १९३६. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरले, आणि मंडळाचे पथक बोटीने युरोपला जाऊन तिथे उभे राहिले. हुतूतू म्हणजेच कबड्डी आणि इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके या पथकाने परदेशी प्रेक्षकांसमोर करून दाखवली. कबड्डीच्या कोणत्याही इतिहासात आजही बर्लिन आणि अमरावती ही दोन नावे एकत्र येतात ती यामुळे.

याचे मोल समजण्यासाठी तो काळ डोळ्यांसमोर आणावा लागतो. देश पारतंत्र्यात. मंडळामागे सरकार नाही की संस्थानिकाचा खजिना नाही. लोकांकडून पैसा गोळा करून, महिनोन्‌महिने तयारी करून, वऱ्हाडातली ही पोरे जगाच्या मोठ्या क्रीडामेळ्यात आपल्या गल्लीतला खेळ घेऊन गेली. त्याच ऑलिंपिकमध्ये १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या हॉकी संघाने यजमान जर्मनीला ८-१ असे हरवले. एकीकडे साहेबाच्या खेळात सगळ्या जगाला मागे टाकणारा भारत, आणि दुसरीकडे स्वतःचा खेळ ‘हा पाहा आमचा’ म्हणून मांडणारा भारत. ते ऑलिंपिक हिटलरच्या राजवटीने स्वतःच्या डामडौलासाठी वापरले, हे विसरता येणार नाही. पण आपल्या पथकाने तिथे सादर केली ती वऱ्हाडच्या मातीतली विद्या, आणि तिचे श्रेय निखळपणे तिच्याच पदरी आहे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. बर्लिनच्या चारच वर्षे आधी, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस हा खेळ असाच प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला होता. जाळीच्या काठीने चेंडू झेलण्याचा हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी लोकांचा. १९३१ च्या सुमारास कॅनडात उन्हाळ्यात रिकाम्या पडलेल्या आइस हॉकीच्या बंदिस्त रिंगणात तो खेळू लागले. त्याला बॉक्स लॅक्रॉस म्हणतात. तिथल्या कुमार संघांसाठी जो मिंटो चषक आहे तो देणारे लॉर्ड मिंटो म्हणजे पुढे १९०५ ते १९१० या काळात आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आलेले गृहस्थ. मातीतला खेळ छपराखाली गेला, पोरांच्या हाती दिला आणि त्याला नवे आयुष्य मिळाले. आपली कबड्डी पुढे मातीवरून मॅटवर गेली तेव्हा मला या दूरच्या भावंडाची आठवण झाली होती. तो लॅक्रॉस २०२८ साली पुन्हा ऑलिंपिकमध्ये येतो आहे. कबड्डीचा तो दिवस आपल्याला अजून पाहायचा आहे.

बर्लिननंतर दोनच वर्षांनी, १९३८ साली कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला.

१९४० ते १९५० : कसोटीची वर्षे

महायुद्ध, बेचाळीसचे आंदोलन, टंचाई. या दशकात आखाडा चालू ठेवणे हीच मोठी गोष्ट होती, आणि ती कार्यकर्त्यांनी करून दाखवली. मंडळाशी दीर्घकाळ जोडले गेलेले डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीजवळ तपोवन उभे केले आणि कुष्ठरुग्णांच्या सेवेला वाहून घेतले. ज्या गावात धडधाकट शरीराची उपासना चालली, त्याच गावात झडलेल्या बोटांची शुश्रूषाही झाली, आणि दोन्हींमागे तीच माणसे होती. हा योगायोग मी मानत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली स्टॉकहोमला दुसरे लिंगियाड भरले. स्वीडनमध्ये शास्त्रशुद्ध व्यायामाचा पाया घालणाऱ्या पेर हेन्रिक लिंग यांच्या नावाचा हा मेळावा. मंडळाचे पथक तिथेही गेले. बर्लिनला गेले होते ते गुलाम देशाचे तरुण. स्टॉकहोमला गेले ते स्वतंत्र देशाचे.

१९५० ते १९७० : वर्गातून महाविद्यालयाकडे

१९५० साली कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ साली मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. वऱ्हाड आधी मध्य प्रदेशात होते, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. राज्य बदलले की शिक्षण खाते बदलते, मान्यता बदलतात, कागदपत्रे पुन्हा पहिल्यापासून करावी लागतात. संस्था चालवणाऱ्यांनाच त्यातला त्रास कळेल. मंडळाच्या कार्यालयात बसून ज्यांनी हे सगळे निभावले त्यांची नावे कुठल्या ढालीवर कोरलेली नाहीत.

१९६७ साली मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले. उन्हाळी वर्गात ‘व्यायाम विशारद’ होऊन बाहेर पडणाऱ्यांच्या जागी आता विद्यापीठाची पदवी घेणारे शिक्षक तयार होऊ लागले. आखाडा मोडून महाविद्यालय उभारले असे मात्र झाले नाही. हौदा तिथेच राहिला, खांब तिथेच राहिले, शेजारी वर्ग आले.

इतक्या वर्षांत, इतक्या माणसांत मतभेद झाले नाहीत असे कोण म्हणेल? देशी की पाश्चात्त्य, माती की मॅट, प्रात्यक्षिक की स्पर्धा, असे प्रश्न तर कायमच असणार. पण पहाटेची पाळी कधी चुकली नाही, आणि मंडळाच्या माणसांनी नेहमी त्या पाळीला आधी मान दिला.

१९७० ते १९९० : मी पाहिलेला आखाडा

या काळाविषयी थोडे माझ्या डोळ्यांनी सांगतो. सरांनी चिठ्ठी दिली आणि मी नगर स्टेशनवर मनमाडच्या गाडीत बसलो. मनमाडला गाडी बदलून बडनेरा, बडनेऱ्याहून अमरावती. पहिल्या जेवणाला वाढणाऱ्या मावशींनी विचारले, "भाजीत सांबार टाकू का?" मी नको म्हणालो, आणि समोरच्याच्या ताटात हिरवीगार कोथिंबीर पडलेली पाहून हिरमुसलो. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला कुठे माहीत?

दुसऱ्या दिवशी पहाटे मल्लखांब. बोंड, मान, अंग हे खांबाचे तीन भाग आधी बोट लावून दाखवले. मग एका फडक्याने सबंध खांबाला एरंडेल चोळले. एरंडेल इतके बुळबुळीत की पहिली अढी घालायला गेलो आणि सरळ खाली मातीत बसलो. मांड्यांची आतली कातडी सोलून निघाली. संध्याकाळी तिथे हळद लावताना शेजारच्या खाटेवरचा नागपूरकडचा मुलगा म्हणाला, "आठवडा जाऊ दे भाऊ, मग खांबच तुला धरतो." आठ नव्हे, वीस दिवस लागले. पण ते खरे ठरले. अढी म्हणजे पायांची पकड. ती एकदा बसली की हात मोकळे होतात, आणि हात मोकळे झाले की बगली, दसरंग, फिरकी अशा उड्यांची दारे उघडतात. क्रम चुकवून कोणी उडी मागितली तर गुरुजी नकार देत नसत, नुसते म्हणत, "आधीची दाखव." आधीची बहुधा कच्चीच असे.

आम्ही वीस-बावीस वर्षांचे बाप्ये असे धडपडत असताना बाजूच्या खांबावर गावातली दहा-अकरा वर्षांची पोरे फुलपाखरासारखी वावरत. प्रात्यक्षिकाच्या दिवशी याच कुमारांचे पथक मैदानात उतरे. एका खांबावर आठ-दहा जणांचा मनोरा, सगळ्यात वर बोंडावर पद्मासन घातलेला सर्वांत लहान गडी. मैदानातले दिवे मालवून हातांत पेटत्या मशाली घेऊन केलेल्या कसरती. आणि दोरीच्या मल्लखांबावर मुली. दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत धरून वर चढणाऱ्या त्या मुली पाहून माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे पुसले. ते कोण, कुठले, मी विचारले नाही.

१९८१ साली मल्लखांबाचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला आणि उज्जैनला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. जे इतकी वर्षे प्रात्यक्षिक होते त्याला आता गुण मिळू लागले. १९८३ साली अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले. आज ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. त्यामुळे महाविद्यालयाचे नागपूरचे हेलपाटे संपले.

१९९० पासून आजपर्यंत

१९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि भारताने सुवर्ण जिंकले. मंडळाचे कार्य पुढे नेणारे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. तो सन्मान मंडळातल्या प्रत्येक झाडूवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी आपला मानला, आणि तसाच तो होता. २०१४ साली मंडळाने शंभर वर्षे पूर्ण केली. शारीरिक शिक्षणाच्या जोडीला अभियांत्रिकीसारख्या शाखाही आता मंडळाच्या छत्राखाली आहेत.

देशी खेळांचे दिवस पालटले आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. खेलो इंडिया युवा स्पर्धांत मल्लखांब आला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आमच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणला प्रो कबड्डीचे अजिंक्यपद मिळवून देणारा कर्णधार ठरला. नगर जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या तोंडी अस्लमचे नाव आधीपासूनच आहे. ही मुले दूरचित्रवाणीवर कबड्डी पाहतात तेव्हा त्यांना बर्लिन माहीत नसते, अमरावती माहीत नसते. ते त्यांना सांगणे आम्हा शिक्षकांचे काम आहे, आणि आम्ही त्यात कमी पडलो आहोत.

मंडळाने स्वतःचे कार्यकर्ते कधी एकेकटे मोजले नाहीत. संस्थापक वैद्य बंधू, त्यांच्यामागे उभे राहिलेले अमरावतीकर, बर्लिनच्या बोटीत बसलेले तरुण, उन्हाळी वर्गाचे गुरुजी, वसतिगृहात वाढणाऱ्या मावशी, खांबाला तेल लावणारे हात, आणि इथून शिकून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत, शेणाने सारवलेल्या वर्गांच्या शाळांत पहिली शिट्टी वाजवणारे हजारो पी.टी. मास्तर. मंडळ म्हणजे हे सगळे.

मी निवृत्त होण्याआधी शाळेच्या मागच्या बाजूला सागवानाचा एक खांब रोवून घेतला. आसपासच्या वाड्यांवरची दहा-बारा मुले-मुली तिथे येत. त्यातली एक मुलगी आता अमरावतीच्या महाविद्यालयात आहे. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. मला वाटले घरची आठवण येत असेल. ती म्हणाली, "सर, इथं खांबाला एरंडेल लावायची पाळी आज माझी होती. तुम्ही लावायचात तसंच लावतात, वरून खाली." मग मागून कोणी तरी तिला हाक मारली, आणि तिने घाईघाईत फोन ठेवला.